एक ना धड भाराभर चिंध्या? हार्वर्डच्या सरांचं न ऐकणाऱ्या डी. डी. कोसंबींची गोष्ट

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांच्या तोंडी दोन नवे शब्द आले. मेजर आणि मायनर. म्हणजे मुख्य विषय एक, जोडीला दुसऱ्या शाखेतलं काहीतरी. फिजिक्सवाल्याने इतिहास घ्यायचा, कॉमर्सवाल्याने संगीत. यावर घरोघरी वाद सुरू आहेत. एक पार्टी म्हणते, हे छान आहे, पोरं चौफेर होतील. दुसरी पार्टी म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या.

हा वाद आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गोव्यातून गेलेल्या एका पोराला हाच प्रश्न पडला होता. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला स्पष्ट सल्ला दिला होता की एकच विषय धर. त्याने तो ऐकला नाही. त्या न ऐकण्याची किंमत त्याने आयुष्यभर मोजली आणि त्याच न ऐकण्यातून त्याने जे केलं, त्याच्याशिवाय भारताचा प्राचीन इतिहास आज शिकवताच येत नाही.

त्याचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

सुरुवात वडिलांपासून करावी लागते. धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकांना 'निवेदन' या आत्मचरित्रामुळे माहीत असतं. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस, शालेय शिक्षण जेमतेम. बुद्धाविषयी वाचलं आणि झपाटल्यासारखा घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असं करत पाली शिकला. पदवी नव्हती, पण पाली इतकी पक्की की सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना ५० रुपये देऊन पुण्यात बसून लिहायला सांगितलं आणि १९१० साली थेट हार्वर्डहून बोलावणं आलं.

तिथे काम होतं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचं. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने ते सुरू केलं होतं, पण १८९९ मध्ये तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. धर्मानंदांनी ते हातात घेतलं. श्रेय कुणाचं यावरून हार्वर्डच्या चार्ल्स लॅनमन यांच्याशी खटकलं, धर्मानंद परतले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा सोबत थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर होता.

दामोदरचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेनचा. पुण्यात थोडी शाळा झालेली. तिथून उचलला आणि बोस्टनशेजारच्या केंब्रिज गावात नेऊन ठेवला. शाळेचं नाव केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूल. नावातच लॅटिन. स्काउटमध्ये भटकणं, ग्रंथालयात पडीक असणं आणि भाषा गोळा करणं हे त्याचे उद्योग. पुढे ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्याला येत होत्या. मराठी, कोकणी घरच्याच.

इथेच त्याची ओळख नॉर्बर्ट वीनर यांच्याशी झाली. सायबरनेटिक्स या शास्त्राचे जनक म्हणून जग ज्यांना ओळखतं, तेच हे वीनर. त्यांचे वडील हार्वर्डला स्लाव्हिक भाषांचे प्राध्यापक. गंमत म्हणजे वीनर यांचाही प्रवास असाच नागमोडी. चौदाव्या वर्षी गणिताची पदवी, मग प्राणिशास्त्र, मग तत्त्वज्ञान आणि अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट. म्हणजे एका रुळावरून न धावताही माणूस कुठे पोहोचू शकतो याचा नमुना या पोराने जवळून बघितला होता.

शाळा संपली, हार्वर्डला प्रवेशही मिळाला. पण पठ्ठ्या लगेच गेला नाही. तो भारतात आला आणि वडिलांजवळ गुजरात विद्यापीठात राहिला. जानेवारी १९२६ मध्ये बापलेक पुन्हा अमेरिकेला गेले. वडील विसुद्धिमग्ग पुरा करायला, मुलगा पदवीला.

आता हार्वर्डमध्ये तेव्हा काय चाललं होतं ते थोडं समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट त्यावरच फिरते.

चार्ल्स एलियट नावाचे अध्यक्ष १८६९ ते १९०९ अशी तब्बल ४० वर्षं हार्वर्डवर होते. त्यांनी आधीचा ठरावीक अभ्यासक्रम मोडीत काढला आणि विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली. कल्पना भारी होती, पण पोरं ती पोरंच. बरेच जण सोपे सोपे आणि सुरुवातीचेच कोर्स घेऊन पदवी पदरात पाडू लागले. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी यावर मधला मार्ग काढला. काही कोर्स एकाच विषयात खोलवर करायचे आणि काही जाणूनबुजून वेगवेगळ्या क्षेत्रांत वाटून घ्यायचे. आपल्याकडे आज मेजर-मायनर म्हणून जे आलंय, त्याचं मूळ या सगळ्या भानगडीत आहे.

दामोदर शिकला तो लोवेल यांच्या काळात. म्हणजे नियमाने त्याला थोडी मोकळीक होतीच. पण त्याने ती थोडी ठेवली नाही.

त्याच्या गणिताच्या प्राध्यापकांचं नाव जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ. तेव्हाच्या अमेरिकन गणितातला सर्वात मोठा माणूस असं म्हटलं तरी चालेल. पॉइंकारे या फ्रेंच गणितज्ञाने मागे ठेवलेला एक अवघड प्रश्न त्यांनी १९१३ मध्ये सोडवला होता. अशा माणसाने एका विद्यार्थ्याला गणितावर लक्ष केंद्रित करायला सांगितलं, म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी दिसलं असणारच. दामोदरने मात्र सगळीकडचे कोर्स घेतले आणि जिथे गेला तिथे वरचे गुण काढले. १९२९ मध्ये तो सुम्मा कुम लाउडे म्हणजे सर्वोच्च श्रेणीत बी. ए. झाला. फाय बीटा कप्पा या अमेरिकेतल्या मानाच्या विद्वत्मंडळाचं सदस्यत्वही मिळालं.

पण पुढचं संशोधन हार्वर्डला करायचं तर पाठ्यवृत्ती लागते आणि ती मिळाली नाही. बर्कहॉफ यांचा सल्ला मानला नाही हे त्याचं एक कारण म्हणून त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. कोसंबी भारतात परतले. पुढे जगभरच्या विद्यापीठांत त्यांच्या कामावर लोकांनी पीएच. डी. केल्या, पण त्यांच्या स्वतःच्या नावापुढे ती पदवी कधीच लागली नाही.

जाता जाता एक. एकच विषय धर म्हणणारे हे बर्कहॉफ सर १९३३ मध्ये एक पुस्तक घेऊन आले. विषय काय, तर सौंदर्य गणिताने कसं मोजायचं. फुलदाण्यांचे आकार, संगीत, कविता, सगळ्यांना सूत्र लावायचा खटाटोप. म्हणजे सरांनाही मोह आवरला नव्हता. फरक इतकाच की सरांनी आधी गणितात नाव केलं आणि मग फिरायला निघाले. आणि खरं सांगायचं तर सल्ल्याचा मुद्दा हाच असावा. आधी एका जागी पाय रोव, मग कुठेही जा.

कोसंबींची पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. गणित शिकवायचे आणि जर्मनही. १९३१ मध्ये नलिनी मडगावकरांशी लग्न झालं आणि त्याच वर्षी ते अलिगढला गेले. तिथल्या मुस्लिम विद्यापीठात गणित विभाग सांभाळत होता एक पंचविशीतला फ्रेंच प्राध्यापक, आंद्रे वेल. पुढे विसाव्या शतकातल्या थोर गणितज्ञांमध्ये गणला गेलेला.

या दोघांनी एक अफलातून खोडी काढली. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला, बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाच्या व्यापक रूपावर. हा बुर्बाकी म्हणजे कुणी रशियन गणितज्ञ असल्याचं त्यात दाखवलेलं. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी बुर्बाकी याच नावाने पुस्तकं लिहायला घेतली आणि आधुनिक गणिताची मांडणीच बदलून टाकली. त्या नावाचा छापील गणितातला पहिला उल्लेख मात्र संयुक्त प्रांतातल्या एका विज्ञान नियतकालिकात, एका गोवेकराच्या निबंधात आहे.

अलिगढचं बस्तान फार टिकलं नाही. कोसंबी पुण्याला आले, फर्ग्युसन कॉलेजात. वडिलांनी जिथे पाली शिकवली, तिथे मुलगा गणित शिकवू लागला. पुढची बारा वर्षं इथेच. भूमितीतलं त्यांचं मोठं काम याच काळातलं. १९३३ मध्ये त्यांचा एक निबंध जर्मनीतल्या प्रतिष्ठित नियतकालिकात आला आणि एली कार्तां या दिग्गज फ्रेंच गणितज्ञाने त्याच नियतकालिकात त्यावर टिपण लिहिलं. नंतर चिनी गणितज्ञ चर्न यांनी भर घातली. आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं.

इथपर्यंत वाटतं की गडी सरळ रस्त्याला लागला. आणि इथेच त्यांना संख्याशास्त्राचा नाद लागला.

संख्याशास्त्र नुसतं पुस्तकातून येत नाही, हाताने काहीतरी मोजावं लागतं असं त्यांचं म्हणणं. मग मोजायचं काय? त्यांनी निवडली जुनी नाणी. भारतातली सर्वात जुनी नाणी म्हणजे चांदीचे लहान तुकडे, ज्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. पुढच्या बाजूला सूर्य, डोंगर, प्राणी अशा खुणांचे ठसे मारलेले. मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे. ही नाणी कुठल्या राजाची, कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, यावर अभ्यासक चिन्हं बघून तर्क लढवत होते.

कोसंबींनी चिन्हं बाजूला ठेवली आणि तराजू काढला.

त्यांचा विचार साधा होता. टाकसाळीतून नाणं बाहेर पडतं तेव्हा सगळ्यांचं वजन जवळपास सारखं असतं. मग ते हातोहात फिरतं, घासतं, झिजतं. जितकी वर्षं जास्त फिरेल तितकं सरासरी वजन कमी होणार. आणि सगळी नाणी सारखी फिरत नाहीत, त्यामुळे नाण्यानाण्यांतला फरकही वाढत जाणार. म्हणजे एकाच ठेव्यात सापडलेली हजारभर नाणी नीट तोलली, तर कुठला गट किती काळ चलनात होता हे वजनच सांगेल.

तक्षशिलेला १९२४ मध्ये असा एक ठेवा सापडला होता. हजाराहून जास्त आहत नाणी आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची दोन आणि त्याच्या सावत्र भावाच्या नावाचं एक, अशी तीन कोरी करकरीत ग्रीक नाणी. ग्रीक नाणी न झिजलेली, म्हणजे ठेवा पुरला गेला तो काळ पक्का झाला, इसवी सनापूर्वी ३१७ च्या सुमारास. आता कोसंबींनी आहत नाण्यांची वजनं आणि मागच्या बाजूचे बारीक ठसे यांची जोडी लावली. ठसे वाढतात तसं वजन घटतं असं दिसलं. म्हणजे ते मागचे ठसे वेळोवेळी नाणं तपासून बघणाऱ्या व्यापाऱ्यांचे असणार. ज्याला आपण आजवर नक्षी समजत होतो ती तपासणीची नोंद निघाली.

अशी हजारो नाणी त्यांनी एकेक करून तोलली. हे काम निव्वळ इतिहासकाराला सुचलं नसतं, कारण झिजेचं गणित त्याच्या डोक्यात नसतं. आणि निव्वळ गणितज्ञाने केलं नसतं, कारण त्याला त्या नाण्यांशी काय देणंघेणं?

पण नाण्यांनी नवी भूक लावली. नाणी पाडणारे हे राजे कोण? समाज कसा होता? त्यासाठी संस्कृत ग्रंथ वाचायला हवेत. घरच्या वातावरणात संस्कृत कानावर होतं, तेवढं पुरणार नव्हतं. मग कोसंबींनी संस्कृत कसं पक्कं केलं? व्याकरण घोकून नाही, तर भर्तृहरीची शतकं हातात घेऊन. नीती, शृंगार, वैराग्य. तीन शतकं म्हणजे हिशेबाने ३०० श्लोक व्हायला हवेत. पण प्रत्येक पोथीत श्लोक वेगळे. त्यांनी देशभरातल्या साडेतीनशेहून जास्त पोथ्या तपासल्या, त्यांची घराणी लावली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती छापली. भर्तृहरीचे म्हणून बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतील असे श्लोक भरले २००. बाकी शेकडो श्लोक लोकांनी शतकानुशतकं त्याच्या नावावर खपवलेले.

यात त्यांचा आदर्श होता भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करणारे वि. स. सुखटणकर. आणि हे सुखटणकर मूळचे कोण? तेही गणिताचेच. इंग्लंडच्या केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृतकडे वळले. पुण्याच्या एका रस्त्यावर गणितातून आलेली दोन माणसं पोथ्या पारखत बसली होती, हे चित्र मला फार आवडतं.

आता कुणाला वाटेल की या नादात गणित सुटलं असेल. सुटलं नव्हतं. १९४३ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी काही वर्षांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगात ती त्यांच्याच नावाने गाजली. गुंतागुंतीच्या माहितीचं ओझं कमी करून तिचा गाभा तेवढा ठेवायची ही रीत. फोटो लहान करणं, चेहरे ओळखणं या तंत्रांच्या पायाशी ती आहे. कोसंबींचं नाव त्याला आता कुठे जोडलं जाऊ लागलंय.

१९४४ चा निबंध तर जनुकशास्त्रातला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे त्यांची पुढच्या पिढीत किती वेळा ताटातूट होते यावरून काढतात. पण एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी होण्याची शक्यता घटते. आधी हाल्डेन यांनी दिलेल्या सूत्रात ही अडचण धरली नव्हती. कोसंबींनी ती धरून नवं सूत्र दिलं. जीवशास्त्राचा हा त्यांचा एकुलता एक गाजलेला निबंध, आणि गंमत बघा, त्यांच्या सगळ्या निबंधांत जगभर सर्वात जास्त वापरात असलेला बहुधा हाच.

१९४५ मध्ये होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर उभी केली आणि गणितासाठी कोसंबींना बोलावलं. दोघांचं तेव्हा छान जमायचं. कोसंबी पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबई, संध्याकाळी पुणे. गाडीतच वाचन, गाडीतच वाद. १९४८-४९ मध्ये युनेस्कोतर्फे इंग्लंड-अमेरिकेला गेले, गणकयंत्रं म्हणजे आजच्या कॉम्प्युटरचे आजोबा बघून आले, शिकागोला भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला आइनस्टाइन यांना भेटले.

आणि मग मुख्य काम. १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं इंग्रजी पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने काढलं. तोपर्यंतचा इतिहास म्हणजे राजे, लढाया, सनावळ्या. कोसंबींनी विचारलं, शेती कशी करत होते? नांगर कधी आला? धान्य कोण पिकवत होतं आणि कोण घेऊन जात होतं? जात नेमकी कुठल्या कामातून जन्मली? ते मार्क्सवादी होते आणि ते लपवत नव्हते. पण पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांशीही त्यांचं पटलं नाही. युरोपातले टप्पे भारतावर जसेच्या तसे चिकटवू नका म्हणून ते त्यांच्याशीही भांडले.

त्यांची खरी प्रयोगशाळा होती पुण्याच्या आसपासचा डोंगरमाळ. सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन निघायचे. धनगरांच्या मेंढरांच्या वाटा, गावाबाहेरचा शेंदूर फासलेला म्हसोबा, बोल्हाई, जुने घाटरस्ते. त्यांना दिसलं की धनगर आजही ज्या वाटांनी जातात, त्या वाटांवर अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारं सापडतात. देवतांची जुनी ठाणी त्याच वाटांवर. आणि कार्ले, भाजे, जुन्नरची लेणी घाटातून वर येणाऱ्या व्यापारी रस्त्यांच्या तोंडाशी. लेण्यातल्या शिलालेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावं आहेतच. म्हणजे भिक्षूंचा मठ आणि व्यापाऱ्यांचा तांडा यांचं नातं त्यांनी नकाशावर चालून दाखवलं. १९६२ चं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक असं पायी लिहिलेलं आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी एक निबंध लिहिला, भाषा, पुरातत्त्व, मानववंशशास्त्र अशा अनेक पद्धती एकत्र वापरण्याबद्दल. बर्कहॉफ सरांना दिलेलं उत्तर म्हणून तो वाचायला हरकत नाही.

पण आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती आरती होईल.

चौफेर माणसाला एक धोका असतो. प्रत्येक क्षेत्रात त्याला वेळीच हटकणारे सोबती असतातच असं नाही. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमान गृहीतकाची सिद्धता सापडल्याचं जाहीर केलं. गणितातला हा सर्वात प्रसिद्ध प्रश्न, १८५९ पासून पडलेला, आजही न सुटलेला. आणि त्यांनी तो छापला कुठे? कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. तिथे संख्या-सिद्धांतातला कुणी जाणकार तपासायला असण्याची शक्यताच कमी. सिद्धता चुकीची होती. गणितातल्या लोकांनी मग त्यांना गंभीरपणे घेणं सोडलं ते सोडलंच. इतिहासातही त्यांचे काही तर्क टिकले नाहीत. आर्यांनी सिंधू खोऱ्यातले बंधारे फोडले असं त्यांना वाटत होतं, ते आज कुणी मानत नाही.

दरम्यान टीआयएफआर बदलली होती. के. चंद्रशेखरन यांनी तिथे गणिताचा असा विभाग घडवला की जगाने दखल घ्यावी. मोजके विषय, पण खोल. त्या घरात नाणी तोलणारा, पोथ्या लावणारा, रीमानवर फसलेला प्राध्यापक परका वाटू लागला. त्यात कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते आणि अणुऊर्जेवर जाहीर टीका करत होते. भारताला सूर्य फुकट मिळालाय, सौरऊर्जेवर पैसा लावा, असं ते १९६० च्या आसपास सांगत होते. आणि त्यांचे वरिष्ठ होते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष भाभा. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. माझ्या मते यात राजकारण होतंच, पण संस्थेच्या बाजूने बघितलं तर गणिताच्या जागेवर गणितच हवं असं म्हणणं अगदीच चुकीचं ठरवता येत नाही. अडचण ही होती की कोसंबींसाठी योग्य असा विभागच देशातल्या कुठल्याही विद्यापीठात नव्हता. इतिहास विभागाला ते गणिताचे वाटत, गणित विभागाला इतिहासाचे.

दोन वर्षांनी, १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ केलं आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत जागा मिळाली. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं पुस्तक लंडनहून आलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच ते गेले. वय ५८.

हार्वर्डचं दार मात्र त्यांच्यासाठी एका वेगळ्या बाजूने उघडलं होतं. विद्यापीठाची 'हार्वर्ड ओरिएंटल सिरीज' ही ग्रंथमाला पौर्वात्य विद्येत मानाची. तिचा ४१ वा खंड १९५० मध्ये निघाला, तो धर्मानंदांनी पुरा केलेला विसुद्धिमग्ग. तो बघायला ते राहिले नव्हते, १९४७ मध्येच सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला होता. त्याच्या पुढचा, ४२ वा खंड आला १९५७ मध्ये. विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने जमवलेल्या सतराशेहून जास्त संस्कृत श्लोकांचा 'सुभाषितरत्नकोश'. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटमधल्या मठात काढलेल्या ताडपत्रांच्या फोटोंवरून आणि नेपाळातल्या एका पोथीवरून तो सिद्ध केलेला. संपादकांची नावं, दा. ध. कोसंबी आणि वा. वि. गोखले. ज्याला गणितात संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली नव्हती, त्याचं नाव हार्वर्डने संस्कृतच्या ग्रंथावर छापलं.

२००८ मध्ये पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं. गोव्यात त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरू लागला. आणि कृषी विद्यापीठात भात किंवा गव्हाच्या जनुकांचा नकाशा करायला बसलेल्या विद्यार्थ्यासमोर आजही सॉफ्टवेअर एक प्रश्न टाकतं, अंतर कुठल्या सूत्राने काढू, हाल्डेन की कोसंबी? बरेच जण कोसंबीवर क्लिक करतात.